वाडीतले पहिले समता-सत्र : कोकणात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

स्त्री-पुरुष समतेवर गावात सत्र घेण्याची जबाबदारी कोकणात आता अनेकांवर येते. जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचतगटांसोबत काम करणाऱ्या सीआरपी (समुदाय संसाधन व्यक्ती) ताई आणि राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थी हे त्यातले नेहमीचे चेहरे आहेत. बहुतेकांना एखाद्या कार्यशाळेनंतर एक पुस्तिका आणि गावांची यादी मिळते, पण वाडीत पाय ठेवल्यावर पहिले वाक्य कोणते बोलायचे हे त्या पुस्तिकेत नसते. हा लेख अशा नव्या माणसांसाठी आहे. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील वाड्यांमध्ये अशी सत्रे घेताना जे उपयोगी पडले आणि जे फसले, ते त्याच क्रमाने येथे मांडले आहे.

गावात जाण्यापूर्वी एक गैरसमज मनातून काढून टाकावा. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात १०३६. हे आकडे पुढे करून 'आमच्या कोकणात हा प्रश्नच नाही' असे सांगणारे लोक तुम्हाला पहिल्याच दिवशी भेटतील, आणि ते खोटे बोलत नसतात. त्यांना तसे मनापासून वाटते. परंतु या आकड्यामागे मुख्यतः मुंबईला गेलेला पुरुष आहे. घरातला कमावता माणूस चाकरमानी झाला, की शेत, गुरे, म्हातारी माणसे, मुलांची शाळा आणि देवाधर्माचे सगळे मागे राहिलेल्या बाईच्या अंगावर येते, आणि तरीही जमिनीचा, घराचा किंवा मुलीच्या लग्नाचा निर्णय मुंबईहून फोनवर होतो. स्त्रिया संख्येने जास्त असणे वेगळे आणि त्यांच्या शब्दाला वजन असणे वेगळे. तुमचे सगळे काम या दोहोंमधल्या अंतरात आहे. ते अंतर दाखवण्यासाठी मी तीन प्रश्न वापरतो: काम कोण करते, पैसा कोणाच्या हातात येतो आणि कागदावर नाव कोणाचे असते. पुढची तीन सत्रे याच तीन प्रश्नांची आहेत.

वेळ आणि जागा

वेळ ठरवताना कार्यालयाच्या सोयीचा विचार न करता वाडीचा हंगाम पाहावा. मृग लागल्यापासून लावणी संपेपर्यंत कोणत्याही बाईला दोन तास मागणे हा अन्याय आहे. आंब्याच्या दिवसांत बागांमधल्या पॅकिंगला आणि काजूच्या दिवसांत बी सोलायला बायका जातात, त्यामुळे तेव्हा दुपार मोकळी नसते. याउलट मच्छीमार वस्तीत १ जूनपासून यांत्रिक होड्यांना पावसाळी बंदी लागते, तेव्हा पुरुष किनाऱ्यावर असतात आणि जाळी विणत बसलेले असतात. त्यांच्यासाठीचे सत्र तेव्हाच ठेवावे. शेतीच्या गावांत चाकरमानी पुरुष हाती लागण्याचे दिवस तीनच: मे महिना, गणपती आणि शिमगा. सणाच्या मुख्य दिवशी अर्थातच नाही, पण गौरी-गणपती विसर्जनानंतर मुंबईची गाडी पकडण्याआधी जो एखादा रिकामा दिवस असतो, तो सोन्यासारखा असतो.

जागेबाबत माझी पहिली चूक सांगतो. माझे पहिले सत्र मी ग्रामदेवतेच्या देवळातील सभामंडपात ठेवले होते, कारण जागा ऐसपैस होती, पंखे होते आणि गावकऱ्यांनी ती आनंदाने देऊ केली होती. चाळीस बायकांची यादी असताना सतरा आल्या. पुढे एका आशाताईंनी समजावून सांगितले, की काही जणी पाळीमुळे देवळाची पायरी चढल्या नाहीत आणि शेजारच्या बौद्धवाडीतील बायकांना तेथे बसायला कधीच मोकळे वाटत नाही. ज्या विषयावर बोलायचे होते त्याच विषयाने माझा दरवाजा बंद केला होता, आणि तो मी स्वतः निवडला होता. तेव्हापासून मी शाळेचा वर्ग, अंगणवाडी किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह यांखेरीज जागा घेत नाही. स्वच्छतागृह उघडे आहे का, लहान मुलांना सांभाळायला कोणी आहे का आणि लांबच्या वाडीतल्या बायकांना अंधार पडण्यापूर्वी घरी पोहोचता येईल का, या तीन गोष्टी आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहाव्यात.

परवानगीसाठी सरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापक आणि गावकार किंवा मानकरी यांना भेटावे. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायत राज संस्थांमध्ये स्त्रियांना ५० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे सरपंच बाई असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांच्या घरी गेल्यावर पुष्कळदा यजमान पुढे येऊन बसतात आणि बोलू लागतात. त्यांना नीट नमस्कार करावा, चहा घ्यावा, पण प्रश्न सरपंचांकडेच पाहून विचारावा आणि उत्तर त्यांच्याच तोंडून येईपर्यंत थांबावे. ती शांतता पहिल्यांदा अवघड वाटते. तुमचे प्रशिक्षण तिथूनच सुरू झालेले असते.

पहिले सत्र : दिवसाचा हिशेब

सुरुवात व्याख्यानाने करू नये. 'समता', 'लिंगभाव', 'सक्षमीकरण' हे शब्द पहिल्या सत्रात तोंडातून काढू नयेत, कारण ते ऐकले की समोरचा माणूस सरकारी कार्यक्रमाला बसल्यासारखा गप्प बसतो. त्याऐवजी दोन गट करावेत, स्त्रियांचा आणि पुरुषांचा, आणि प्रत्येक गटाला एक मोठा कागद व चोवीस काजूबिया द्याव्यात. एक बी म्हणजे एक तास. कागदावर आडव्या ओळीत कामे लिहायची किंवा त्यांची चित्रे काढायची: झोप, पाणी, स्वयंपाक, गुरे, शेत किंवा मासळी, मुले, आजारी माणूस, बाजार, पूजा, नाक्यावर बसणे, मोबाइल, आराम. मग कालचा दिवस आठवून त्या बिया वाटायच्या. 'साधारणपणे' कसा दिवस जातो असे विचारू नये, नेमका कालचाच दिवस विचारावा, नाहीतर लोक जसा दिवस असायला हवा तसा सांगतात.

येथे एक अडचण हमखास येते आणि ती आनंदाने येऊ द्यावी. बायकांच्या गटाला बिया पुरत नाहीत. भात शिजत असताना लहान मूल कडेवर असते, आमसुले वाळत घालताना म्हाताऱ्या सासऱ्यांना हाक द्यावी लागते, आणि एकाच तासात तीन कामे बसवायची कशी हे त्यांना सुचत नाही. अशा वेळी एक बी दोन कामांच्या रेषेवर ठेवायला सांगावे. पुरुषांच्या गटात याच्या उलट घडते; शेवटच्या तीन-चार बिया कोठे ठेवाव्यात यावर चर्चा होते. दोन्ही कागद शेजारी शेजारी भिंतीवर लावावेत आणि दोन मिनिटे काहीही बोलू नये. कोणीतरी बोलतेच. बहुतेक वेळा एखादी वयस्कर बाई म्हणते, 'आमचा आराम खंय असा?' आणि तो प्रश्न तुम्ही विचारण्यापेक्षा तिने विचारलेला शंभरपट बरा.

आकडे त्यानंतर द्यावेत. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे आढळले, की घरातील बिनपगारी कामावर, ते काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. हा आकडा आधी सांगितला तर तो दिल्लीचा वाटतो. बियांनंतर सांगितला तर लोक आपल्या कागदाकडे पाहतात. पुरुष चिडू लागले, तर त्यांची बाजू नीट ऐकावी. खलाश्याचे, गवंड्याचे किंवा बागेत फवारणी करणाऱ्याचे काम अंगमोड करणारे असते आणि ते तसे मान्य करावे. कोण जास्त दमते याची स्पर्धा लावण्याचा हेतू नाही. कोणाचे काम मोजले जाते आणि कोणाचे मोजलेच जात नाही, एवढेच दाखवायचे आहे.

'स्वयंपाक हे बाईचेच काम, ते तिच्या रक्तात असते' हे वाक्य आले, तर कोकणातच त्याचे उत्तर आहे. चार-चार दिवस समुद्रात राहणाऱ्या ट्रॉलरवर कालवण कोण करते, असे विचारावे. मुंबईत गावकीच्या खोलीवर राहिलेल्या जुन्या चाकरमान्यांनी भात कोणी लावला, भांडी कोणी घासली, हेही विचारावे. गिरणीच्या पाळ्या सांभाळत स्वतःचे जेवण रांधलेली माणसे अजून वाड्यांत आहेत. त्यांच्यापैकी एखाद्या आजोबांना आधीच भेटून ठेवावे आणि सत्रात बोलायला सांगावे. तुमच्या भाषणापेक्षा त्यांच्या पाच मिनिटांचा परिणाम अधिक होतो, कारण घरी ताट न उचलणाऱ्या मुलासमोर त्याचेच आजोबा बोलत असतात.

दुसरे सत्र : पैसा

हे सत्र लहान असते. एक वस्तू निवडावी, जी त्या वाडीत प्रत्यक्ष तयार होते: काजूगर, आमसूल, सुकी मासळी किंवा आंब्याची पेटी. ती झाडापासून किंवा होडीपासून ग्राहकापर्यंत कशी जाते याची साखळी फळ्यावर काढावी आणि प्रत्येक टप्प्यावर कोण काम करते व पैसे कोणाच्या हातात येतात, हे वेगवेगळ्या रंगांच्या खडूने लिहावे. गोळा करणे, सोलणे, वाळवणे, निवडणे यांत बायकांचे हात दिसतात आणि दलाल, लिलाव, गाडीभाडे, बँक येथे ते कमी होत जातात. मासळीच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे निघते, कारण बाजारात बसून भाव करणारी कोळीण हिशेबात पक्की असते आणि पैसे तिच्याच कनवटीला असतात. तिला आवर्जून बोलते करावे. मात्र होडी, इंजिन आणि कर्ज कोणाच्या नावावर आहे, हा पुढचा प्रश्नही तिलाच विचारावा. तेथून आपोआप तिसऱ्या सत्रात जाता येते.

तिसरे सत्र : कागदावरचे नाव

या सत्राला येताना प्रत्येकाने आपल्या घराचा ग्रामपंचायतीतील नमुना ८ चा उतारा आणि जमिनीचा सातबारा आणावा, असे आधीच सांगून ठेवावे. कोकणातला सातबारा सोपा नसतो; जमिनीच्या एका गटात पंचवीस सामाईक नावे, त्यांतली निम्मी माणसे मयत आणि उरलेली मुंबईत, असे असते. तरीही उताऱ्यावर बोट ठेवून स्त्रियांची नावे मोजायला सांगावे. मोजणी झाल्यावर वर्गात जी कुजबुज होते, ती या सगळ्या मालिकेतली सर्वांत महत्त्वाची घटना असते.

कायद्याची माहिती थोडक्यात पण अचूक द्यावी. हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झाली आणि मुलीला जन्मतःच मुलासारखा सहदायादाचा, म्हणजे वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतल्या हिस्सेदाराचा, हक्क मिळाला. वडील त्या तारखेला हयात नव्हते तरी हा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी त्यामुळे उलटत नाही. हा कायदा हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. किनाऱ्यावरच्या अनेक गावांत कोकणी मुसलमान कुटुंबे आहेत. त्यांच्याकडे वारसा मुस्लिम व्यक्तिगत कायद्याने ठरतो आणि त्यातही मुलीचा हिस्सा ठरलेला आहे, भावाच्या निम्मा, तो देणे ही मेहरबानी नव्हे. गुंतागुंतीच्या प्रकरणात स्वतः वकिली करू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ अन्वये कोणत्याही स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते; तिला जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयापर्यंत पोहोचवणे एवढे तुमचे काम.

हक्कसोडपत्राचा, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याच्या कागदाचा, विषय हळुवार हाताळावा लागतो. गणपतीला माहेरी आलेल्या बहिणीला दुपारच्या जेवणानंतर तालुक्याला नेऊन सही घेतली जाते, आणि ती करते, कारण हिस्सा मागितला तर माहेर तुटेल अशी तिला भीती असते. ती भीती खोटी नाही, म्हणून तिला 'तू का सही केलीस' असे कधीही विचारू नये. सही करण्यापूर्वी कागद वाचून घेण्याचा, घरी नेण्याचा आणि विचार करायला वेळ मागण्याचा तिला अधिकार आहे, हे सांगावे. भावांच्या गटात हाच प्रश्न उलटा विचारावा: बहिणीने हिस्सा मागितला तर तिचे माहेरपण तुम्ही बंद कराल का? मी हा प्रश्न विचारल्यावर अनेक पुरुषांनी मान खाली घातलेली पाहिली आहे, आणि एकाने पुढच्या महिन्यात वारस नोंदीसाठी बहिणींची नावे स्वतः दिली.

सत्राच्या शेवटी लगेच होण्यासारखे काम हाती द्यावे. घराच्या नोंदीत पतीबरोबर पत्नीचे नाव लावण्यासाठी ग्रामपंचायतीकडे अर्ज करता येतो. कोरे अर्ज सोबत नेऊन तेथेच भरून घ्यावेत. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावानंतर आईचे नाव लिहिण्याचा नियम महाराष्ट्रात झाला आहे, तोही तरुण आईवडिलांना सांगावा.

शाळेत

सहावी ते आठवीच्या मुलांसोबत काम करणे सर्वांत फलदायी असते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात आई आणि बाबा मिळून घरकाम करतानाची चित्रे दिली, म्हणजे चर्चेला निमित्त वर्गातच आहे. मुलांना आठवडाभर कान उघडे ठेवून घरात, बसमध्ये आणि मैदानावर ऐकू आलेली वाक्ये वहीत लिहायला सांगावीत: 'बायकांसारखा रडतोस काय', 'मुलीच्या जातीला एवढे शिक्षण कशाला', 'बांगड्या भर'. ती वाक्ये फळ्यावर लिहून प्रत्येकाने कोणाला काय करायला बंदी घातली, हे मुलांनीच शोधावे. त्यांच्या लक्षात येते, की पहिले वाक्य मुलींचा जितका अपमान करते तितकेच मुलग्यांना दुःख बोलायला बंदी करते.

सिंधुदुर्गात आणखी एक साधन हाताशी आहे, ते म्हणजे दशावतार. त्यात स्त्रीपात्रे परंपरेने पुरुषच रंगवतात आणि गाव त्या कलावंताचे कौतुक करतो. लुगडे नेसणे, चालणे, लाजणे, आवाज हे सारे तो शिकतो, सराव करतो. मग बाईपणातले जन्माने आलेले किती आणि शिकवलेले किती, असा प्रश्न आठवीच्या मुलांना टाकला, तर ते तासभर भांडतात, आणि तसे त्यांनी भांडावे. गावातला असा एखादा कलावंत वर्गात आला तर उत्तम.

शिक्षकांनी स्वतःचा वर्गही तपासावा. पाणी कोण भरते, वर्ग कोण झाडतो, पाहुण्यांना हार कोण देते, मैदान मधल्या सुट्टीत कोणाच्या ताब्यात असते, याची एक आठवडा नोंद ठेवावी. मी हे काम ज्या शाळांत सुचवले, तेथील शिक्षक आणि शिक्षिका दोघांनाही आपल्याच सवयींचे आश्चर्य वाटले.

कोणी मन मोकळे केले तर

अशा सत्रांत कधीतरी एखादी बाई किंवा मूल मारहाणीबद्दल, अत्याचाराबद्दल बोलते. त्याची तयारी पहिल्या सत्राआधीच हवी. सर्वांसमोर तपशील विचारू नयेत. शांतपणे 'आपण नंतर दोघी बसू' असे सांगून सोबतच्या सहकारी ताईंनी तिला बाजूला घ्यावे. तिच्यावर विश्वास ठेवावा, निर्णय तिचा तिला घेऊ द्यावा आणि मध्यस्थी करायला तिच्या घरी मुळीच जाऊ नये. नव्या कार्यकर्त्यांच्या उत्साहातून तिचाच जीव धोक्यात येतो. तातडीसाठी ११२, स्त्रियांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक फळ्यावर प्रत्येक सत्रात लिहावेत, म्हणजे कोणी एकटीने मागण्याची वेळ येत नाही. कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खाली संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. आपल्या तालुक्यासाठीचे अधिकारी कोण, हे आधीच माहीत करून घ्यावे. अठरा वर्षांखालील मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितले, तर पॉक्सो कायद्यानुसार (मुलांचे लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा कायदा) ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे, म्हणून मुलाला 'कोणालाही सांगणार नाही' असे वचन देऊ नये.

काजू कारखान्यात किंवा मासळी प्रक्रिया केंद्रात सत्र असेल, तर २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा सांगावा. दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्यातील स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची असते आणि पुष्कळ जणींची तक्रार केवळ ही मुदत ठाऊक नसल्याने राहून जाते.

विरोध झाल्यास

'ही बाहेरची खुळे आहेत' असे कोणी म्हटले, तर वाद घालण्यापेक्षा याच मातीतले दाखले द्यावेत. धोंडो केशव कर्वे यांचा जन्म खेड तालुक्यातील शेरवलीचा आणि बालपण दापोलीजवळच्या मुरुडचे. १८९३ मध्ये त्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडच्या त्यांच्याच समाजाने त्यांना वाळीत टाकले. त्याच कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे केले. महाडला डिसेंबर १९२७ मध्ये झालेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांशी स्वतंत्रपणे बोलून मुलींनाही शिकवा असे सांगितले. विधवांबद्दलच्या प्रथांचा विषय निघाला, तर कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये केलेला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव सांगावा, ज्यानंतर राज्य शासनानेही इतर ग्रामपंचायतींना तसे आवाहन केले. ठरावाहून सोपी सुरुवातही असते: बचतगटाच्या हळदीकुंकवाला वाडीतील सर्व स्त्रियांना बोलावणे. एका वाडीत पहिल्या वर्षी दोघी विधवा आल्या आणि दाराशीच बसल्या. पुढच्या वर्षी त्यांतल्या एकीने वाण वाटले.

तीन महिन्यांनंतर

फोटो, हजेरीपत्रक आणि अहवाल यांवर काम संपवू नये. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे. तिची तारीख ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) घ्यावी आणि तीन सत्रांतल्या बायकांनी एक तरी मागणी लेखी मांडावी, यासाठी त्यांच्यासोबत बसावे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. ती गेल्या वर्षी कशावर खर्च झाली, हा एक प्रश्न विचारायला बायका तयार झाल्या, की पुढच्या सभेला संख्या वाढते.

दुसऱ्या भेटीला जाताना एक वही सोबत ठेवावी आणि तिच्यात चारच गोष्टी लिहाव्यात: किती घरांच्या नोंदीत पत्नीचे नाव लागले, महिला सभेला किती जणी आल्या व त्यांतल्या किती बोलल्या, शाळेत पाणी आता कोण भरते, आणि पहिल्या सत्राला आलेल्या पुरुषांपैकी कितीजण पुन्हा आले. शेवटची संख्या सुरुवातीला फार लहान असते. ती तशीच, खरी लिहावी, आणि जे पुन्हा आले त्यांना पुढच्या वाडीतील सत्राला सोबत न्यावे.